तोफ घेतली, नळीचे काय?
वाचकांचे प्रश्न: संरक्षण नियोजन आणि लष्करी खरेदी

या वेळी आलेल्या पत्रांत संरक्षण खरेदीवरचे प्रश्न सर्वाधिक होते. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून उत्तरे दिली आहेत.

प्रश्न: सैनिकाच्या जिवाचा प्रश्न असताना जगात जे सर्वोत्तम असेल तेच मागायला हरकत काय? मागण्या आवाक्यात ठेवा, असे जाणकार का म्हणतात?

मागणी लिहिताना प्रत्येक आकडा दुसऱ्या आकड्याला ओढत असतो, म्हणून. रणगाड्याचे चिलखत जाड केले की वजन वाढते. वजन वाढले की मोठे इंजिन लागते, मोठ्या इंजिनाला जास्त इंधन, जास्त इंधनाला मोठी टाकी, आणि टाकीभोवती पुन्हा चिलखत. शेवटी ७० टनांचा रणगाडा तयार होतो आणि ज्या भागात लढायचे तिथले पूल ६० टनांचे असतात. तो रणगाडा कागदावर सर्वोत्तम असतो, पण नदीच्या अलीकडे उभा राहतो.

स्पेनच्या एस-८० पाणबुडीचे असेच झाले. बांधकाम बरेच पुढे गेल्यावर, २०१३ मध्ये, पाणबुडी सुमारे ७५ टनांनी जड भरते आहे हे उघड झाले. एवढे वजन घेऊन बुडालेली पाणबुडी पुन्हा खात्रीने वर येईल, याचा भरवसा उरला नाही. जास्त वजन पेलायचे तर जास्त पाणी बाजूला सारले पाहिजे, म्हणून सांगाडा सुमारे १० मीटरने लांबवावा लागला. मग ही लांबलेली पाणबुडी कार्ताहेना इथल्या गोदीत मावेना, म्हणून तिथेही काम काढावे लागले. पहिली पाणबुडी नौदलाच्या हाती पडली ती नोव्हेंबर २०२३ मध्ये. जहाजबांधणीत वजनासाठी राखीव वाव आधीच ठेवतात आणि बसणाऱ्या प्रत्येक पंपाची, केबलची, झडपेची नोंद वजनाच्या वहीत होते. ती वही दर महिन्याला कोण तपासतो, हा प्रश्न साधा वाटतो, पण मोठे प्रकल्प तिथेच घसरतात.

दुसरा सापळा म्हणजे ‘तयार वस्तू घेऊ, थोडेसे बदल करू’. अमेरिकेच्या नौदलाने २०२० मध्ये युरोपातल्या एका सिद्ध फ्रिगेटच्या (मध्यम आकाराच्या युद्धनौकेच्या) आराखड्यावर आधारलेल्या नव्या फ्रिगेटचा करार केला. मूळ जहाजाशी सुमारे ८५ टक्के साम्य राहील, असा अंदाज होता. बदल सुचवत सुचवत साम्य १५ टक्क्यांवर आले. त्यात आराखडा पूर्ण होण्याआधीच, २०२२ मध्ये, बांधकाम सुरू केले. पहिल्या जहाजाला तीन वर्षांचा उशीर ठरला. तयार आराखडा घेण्याचा सगळा फायदा बदलांनीच खाऊन टाकला.

आमच्या मते मागणीपत्रातल्या प्रत्येक आकड्याला चार प्रश्न विचारून लेखी उत्तर घेतले पाहिजे. हा आकडा कोणत्या कामासाठी लागतो? आज तो किती उत्पादक देऊ शकतात? तो चाचणीत कसा मोजणार? आणि १० टक्के कमी मिळाला तर नेमके काय अडेल? चौथ्याचे उत्तर देता येत नसेल, तर तो आकडा अनिवार्य रकान्यातून काढून ‘असल्यास उत्तम’ या रकान्यात टाकावा. अनिवार्य रकाना जितका लांब, तितके बोलीदार कमी. एकच उरला की किमतीवर बोलायला जागा राहत नाही.

प्रश्न: भारताने १२६ लढाऊ विमाने घ्यायचे ठरवले आणि शेवटी ३६ घेतली. एवढी वर्षे नेमकी जातात कुठे?

तारखा पाहिल्या की बरेच उलगडते. १२६ विमानांसाठी प्रस्तावविनंती, म्हणजे कंपन्यांकडून बोली मागवणारे पत्र, निघाली ऑगस्ट २००७ मध्ये. सहा विमाने स्पर्धेत होती. चाचण्या होऊन एप्रिल २०११ मध्ये राफाल आणि टायफून ही दोन उरली, आणि जानेवारी २०१२ मध्ये राफाल सर्वांत कमी बोलीचे ठरले. म्हणजे निवडीला साडेचार वर्षे लागली. त्यापुढची तीन वर्षे वाटाघाटीत गेली आणि त्या निष्फळ ठरल्या.

घोडे अडले ते विमानाच्या गुणवत्तेवर नव्हे. १८ विमाने तयार मिळणार होती आणि १०८ भारतात बांधली जाणार होती. देशात बांधलेल्या विमानांची हमी कोण देणार? मूळ कंपनीला एका विमानाला जितके मनुष्यतास लागतात त्याहून जास्त तास इथल्या कारखान्यात लागले, तर वाढीव खर्च कोणाच्या खात्यावर? दोन्ही मुद्दे बोली मागवण्यापूर्वी मिटवायचे असतात. बोली उघडल्यावर त्यांवर बोलणी सुरू झाली की विजेता कोण, हाच प्रश्न पुन्हा उभा राहतो. २०१५ मध्ये ती प्रक्रिया सोडून दिली, सप्टेंबर २०१६ मध्ये ३६ विमानांचा करार झाला आणि पहिली ५ विमाने जुलै २०२० मध्ये अंबाल्याला उतरली.

एरवीही पायऱ्या पुष्कळ असतात. भारतातला क्रम साधारण असा: सेनादल गुणात्मक आवश्यकता लिहिते, संरक्षण खरेदी परिषद गरजेला मान्यता देते, प्रस्तावविनंती निघते, तांत्रिक छाननी होते, मैदानी चाचण्या होतात, त्यांच्या अहवालाची तपासणी होते, मग किमतीचे लखोटे उघडतात, वाटाघाटी समिती बसते आणि शेवटी सक्षम प्राधिकाऱ्याची मंजुरी व सही. इतर देशांत नावे वेगळी, पण घडण हीच.

यात ऋतूचा हिशेब लोक विसरतात. तोफ किंवा वाहन भर उन्हाळ्यात वाळवंटात, कडाक्याच्या थंडीत उंचावर आणि पावसाळ्यात चिखलात चालवून पाहायचे असते. नमुना बंदरात जुलैमध्ये उतरला तर उन्हाळी चाचणी पुढच्या वर्षावर जाते. म्हणजे सीमाशुल्काच्या एका कागदासाठी सहा आठवडे गेले, तर वेळापत्रकातून वर्षच निघून जाऊ शकते. चाचणीत एका बोलीदाराच्या तोफेची नळी फुटली, तर सगळ्यांची चाचणी थांबवायची की त्याला वगळून पुढे जायचे, हेही आधीच लिहून ठेवावे लागते. नाहीतर तक्रारी, चौकश्या आणि बोलीची मुदतवाढ सुरू होते.

प्रश्न: संरक्षणाची तरतूद दरवर्षी वाढते, तरी नव्या खरेदीला पैसा नाही असे ऐकू येते. हे कसे?

भांडवली तरतुदीतला मोठा भाग जुन्या करारांच्या हप्त्यांत जातो. हिशेबासाठी वर्षाची भांडवली तरतूद १०० धरा. त्यातले ७५ जुन्या हप्त्यांचे. उरले २५. नव्या करारावर सही करताना १५ टक्के आगाऊ द्यायचे असतील, तर या २५ मध्ये १६६ किमतीचे करार होऊ शकतात. कागदावर सगळे बसते आणि त्या वर्षी सह्या होतात. उरलेले १४१ पुढच्या चार-पाच वर्षांच्या गळ्यात पडतात. मग तिसऱ्या-चौथ्या वर्षी जुन्या हप्त्यांचा आकडा ७५ वरून ९० च्या पुढे जातो आणि नवे सगळे थांबते.

म्हणून नियोजन विभागाकडे एकच तक्ता असावा: आजवर सही झालेल्या प्रत्येक कराराचा पुढच्या दहा वर्षांचा हप्ता, त्याच्या चलनासकट. हप्ता परकीय चलनात असेल तर विनिमय दर ५ टक्क्यांनी घसरल्यावर काय होईल, याचा रकाना शेजारी. हा तक्ता समोर नसताना केलेला पंधरा वर्षांचा आराखडा ही नुसती इच्छांची यादी ठरते.

आणखी एक गोष्ट. यंत्र विकत घेण्याचा खर्च भांडवली असतो, त्याचे इंधन, सुटे भाग आणि दुरुस्ती महसुली. एका खात्याने घेतलेला निर्णय दुसऱ्या खात्याला तीस वर्षे निभवावा लागतो. विमान किंवा जहाज यांच्या पूर्ण आयुष्यातल्या खर्चात खरेदीची किंमत हा साधारण लहान वाटा असतो, मोठा वाटा चालवण्याचा आणि देखभालीचा. नॉर्वेने २००१ मध्ये १४ एनएच-९० हेलिकॉप्टरे मागवली. त्यांच्याकडून वर्षाला ३,९०० तास उड्डाण हवे होते, प्रत्यक्षात मिळत होते सरासरी ७०० च्या आसपास. जून २०२२ मध्ये नॉर्वेने करार मोडला, हेलिकॉप्टरे परत करून पैसे मागितले. खरेदीच्या दिवशी ‘हे वर्षाला किती तास उडेल आणि न उडाल्यास दंड किती’ हे कलम जितके कडक, तितका पुढचा त्रास कमी.

प्रश्न: संख्या कमी केली तर पैसे वाचतात. मग संख्या घटवल्यावर एका नगाची किंमत का वाढते?

संशोधनाचा खर्च संख्येने भागला जातो. संशोधनाला १०,००० लागले, प्रत्येक नग बांधायला १०० आणि १०० नग घेतले, तर एक नग २०० ला पडला. संख्या २५ केली तर तोच नग ५०० ला. शिवाय २५ नगांसाठी कारखान्यातल्या हातांना सवय होत नाही, पुरवठादार मोठा साचा करत नाहीत, म्हणून बांधणीचे १०० सुद्धा १३०-१४० होतात. किंमत वाढली म्हणून संख्या आणखी घटवतात, आणि हे चक्र फिरत राहते.

अमेरिकेच्या झुमवॉल्ट वर्गातल्या विनाशिका ३२ बांधायच्या होत्या, बांधल्या ३. त्यांच्या तोफांसाठी खास लांब पल्ल्याचा गोळा बनवला होता. जहाजे तीनच राहिल्यावर एका गोळ्याची किंमत ८ लाख डॉलरच्या घरात गेली आणि २०१६ मध्ये गोळ्यांची खरेदीच सोडून दिली. तोफा जहाजावर बसलेल्या आणि गोळाच नाही, अशी अवस्था झाली. पुढे त्या तोफा काढून क्षेपणास्त्रांना जागा करण्याचे काम हाती घ्यावे लागले. तिथल्या १९८२ च्या नन-मॅककर्डी कायद्यानुसार एका नगाची किंमत चालू आधारभूत किमतीपेक्षा २५ टक्क्यांनी वाढली की प्रकल्प बंद होतो, तो का चालू ठेवावा हे संरक्षण खात्याने लेखी सिद्ध केले तरच वाचतो. संख्या घटवल्यामुळे झालेली वाढही यात धरतात, हे फार बरे आहे.

प्रश्न: यंत्र चांगले, पैसे दिले, वेळेवर आले, तरी ते वापरता आले नाही असे कधी होते का?

होते, आणि कारण बहुधा करारात न लिहिलेल्या एका ओळीत असते. ब्रिटनने १९९५ मध्ये ८ चिनूक हेलिकॉप्टरे खास पथकांसाठी मागवली. किंमत सुमारे २५.९ कोटी पौंड. २००१ मध्ये ती आली. त्यांच्या कॉकपिटमधली पडद्यांची यंत्रणा खास बनवून घेतली होती. ती सुरक्षित आहे हे ब्रिटिश नियमांनुसार सिद्ध करायचे तर सॉफ्टवेअरचा मूळ कोड तपासायला हवा होता, आणि तो मिळेल असे करारात कुठेच नव्हते. विक्रेत्याने करार पाळला होता. हेलिकॉप्टरे मात्र ढग नसतील तेव्हाच उडवता येत होती, म्हणजे ज्या कामासाठी घेतली त्याच्या उपयोगाची नव्हती. ती वर्षानुवर्षे हँगरमध्ये उभी राहिली आणि अखेर आतली नवी यंत्रणा काढून साधी बसवावी लागली.

सहीआधी करारात पुढच्या गोष्टी शोधा: मूळ कोड पाहण्याचा आणि बदलण्याचा हक्क, दुरुस्तीच्या सर्व पातळ्यांची पुस्तके, चाचणीची उपकरणे, खास हत्यारे, प्रशिक्षणाचे सिम्युलेटर, पहिल्या दोन-तीन वर्षांचे सुटे भाग, आणि एखादा भाग बनवणे बंद होणार असेल तर किती महिने आधी कळवायचे. आपले क्षेपणास्त्र त्या विमानावर बसवायचे असेल तर तो हक्क वेगळा लिहून घ्यावा लागतो. हे सगळे स्पर्धा चालू असताना मागितले तर वाजवी भावात मिळते. सही झाल्यावर तोच विक्रेता एकटा असतो आणि भाव त्याचा असतो.

प्रश्न: युक्रेन युद्धानंतर सगळीकडे तोफगोळ्यांची टंचाई का झाली? पैसा असताना गोळे लगेच का बनत नाहीत? साठा किती असावा हे कसे ठरवतात?

साठ्याचा हिशेब तीन आकड्यांचा गुणाकार असतो. ३०० तोफा, तीव्र लढाईत रोज प्रत्येकी १०० गोळे, ३० दिवस. म्हणजे ९ लाख गोळे. १५५ मिलिमीटरचा एक गोळा सुमारे ४३ किलोचा, म्हणजे ३८,७०० टन. दहा टनी ट्रकांच्या ३,८७० खेपा झाल्या, आणि त्यात गोळा ढकलणारी दारू, फ्यूज (गोळ्याचा स्फोट घडवणारी कळ) आणि वेष्टन अजून धरलेलेच नाही. आता याच गुणाकाराची दुसरी बाजू बघा. ९ लाख गोळे ३०० तोफांतून म्हणजे एका तोफेतून ३,०००. अशा तोफेची नळी साधारण दोन-तीन हजार गोळ्यांत झिजते, पूर्ण भाराने मारा केला तर त्याहूनही लवकर. म्हणजे महिनाभर लढायचे ठरवले तर जवळपास प्रत्येक तोफेला एक नवी नळी लागणार. गोळ्यांचा साठा मोजणारे पुष्कळ भेटतात. राखीव नळ्या किती, त्या कोणत्या कारखान्यात बनतात, वर्षाला किती बनतात, हे विचारणारे फार थोडे.

गोळा लगेच का बनत नाही, तर तो एक वस्तू नाही, चार आहेत. पोलादाचा ठोकळा तापवून दाबून कवच करतात, मग उष्णता देऊन त्याला कडकपणा आणतात, मग यंत्रावर घासून माप आणतात. त्यात वितळवलेले स्फोटक ओततात आणि ते हळूहळू थंड करतात. घाई केली तर आत पोकळी राहते, आणि अशी पोकळी असलेला गोळा तोफेच्या नळीतच फुटू शकतो. म्हणून क्ष-किरणांनी तपासतात. फ्यूज वेगळ्या कारखान्यात बनतो, ढकलणारी दारू तिसऱ्या. त्या दारूला नायट्रोसेल्युलोज लागते आणि त्याला सरकीवरचा आखूड कापूस. कवचे दुप्पट करणे तुलनेने सोपे असते. स्फोटकाचा कारखाना उभारायला मात्र जमीन, सुरक्षा अंतर, पर्यावरण परवाने आणि प्रशिक्षित माणसे लागतात. अमेरिकेने टीएनटी हे स्फोटक स्वतः बनवणे १९८६ मध्येच बंद केले होते.

आकडे बघा. युद्धाआधी अमेरिकेत महिन्याला १५५ मिलिमीटरचे सुमारे १४,००० गोळे बनत. वरच्या उदाहरणातले ९ लाख गोळे त्या वेगाने भरून काढायला पाच वर्षांहून जास्त लागतील. युरोपीय संघाने मार्च २०२३ मध्ये वर्षभरात युक्रेनला १० लाख गोळे देण्याचे ठरवले. मुदत संपली तेव्हा निम्म्याच्या आसपास पोहोचले होते. खांद्यावरून विमानावर डागायच्या स्टिंगर क्षेपणास्त्राची मागणी पुन्हा आली तेव्हा त्यातले काही इलेक्ट्रॉनिक भाग बाजारातूनच नाहीसे झालेले होते, म्हणून त्यांच्या जागी नवे भाग बसवून आराखडा बदलावा लागला.

तहान लागल्यावर विहीर खणून इथे भागत नाही. साठ्यासोबत ‘आदेशानंतर किती महिन्यांत उत्पादन तिप्पट होईल’ हा आकडा लिहून घ्या आणि वर्षातून एकदा त्याची खरी चाचणी घ्या. शांततेतही कमीत कमी उत्पादन चालू ठेवण्याचे पैसे द्या. तो खर्च वाया जातो असे हिशेबतपासनिसाला वाटेल, पण बंद पडलेल्या कारखान्यातला ओतारी पुन्हा मिळत नाही. साठ्यालाही वय असते: दारूतले स्थिरीकरण द्रव्य वर्षागणिक कमी होते, म्हणून जुने आधी वापरायचे, सरावाला तेच द्यायचे आणि उन्हाळ्यात कोठाराचे तापमान रोज नोंदवायचे.

प्रश्न: ठरावीक किमतीचा करार केला तर सरकार सुरक्षित नाही का?

ठरलेला आराखडा, चालू कारखाना असेल तर होय. अजून शोधायच्या तंत्रज्ञानाला ठरावीक किंमत लावली तर धोका कंपनीच्या ताळेबंदात जातो आणि उशीर आपल्या वाट्याला येतो. युरोपातल्या सात देशांनी २००३ मध्ये ए-४००एम या १८० मालवाहू विमानांचा सुमारे २० अब्ज युरोंचा ठरावीक किमतीचा करार केला. इंजिन नवे, सॉफ्टवेअर नवे. २०१० मध्ये त्या देशांना ३.५ अब्ज युरोंची भर घालण्यास राजी व्हावे लागले. अमेरिकेच्या केसी-४६ या, हवेतच दुसऱ्या विमानांत इंधन भरणाऱ्या विमानात सरकारने भर घातली नाही. कंपनीचा तोटा ७ अब्ज डॉलरच्या पुढे गेला, पण हवाई दलालाही इंधन भरताना दाखवणाऱ्या कॅमेऱ्यांच्या दुरुस्तीची वाट पाहत बसावे लागले. विकासाला ‘खर्च अधिक शुल्क’ (म्हणजे झालेला खर्च आणि वर ठरलेले शुल्क), उत्पादनाला ठरावीक किंमत, ही विभागणी आम्हाला बरी वाटते.

प्रश्न: जुनी विमाने नव्याने बांधून घेणे स्वस्त पडते का?

कधीकधी. पण आधी मोजा. ब्रिटनने १९९६ मध्ये निमरॉड या सागरी टेहळणी विमानांची २१ नवी रूपे मागवली. सांगाडे जुने ठेवायचे, पंख आणि इंजिने नवी. सांगाडे १९६० च्या दशकातले, हाताने जुळवलेले, त्यामुळे कोणतेही दोन अगदी सारखे नव्हते. संगणकावर मोजून बनवलेले पंख त्यांना नीट बसेनात. संख्या कमी होत ९ वर आली आणि ऑक्टोबर २०१० मध्ये प्रकल्पच रद्द झाला. जुनी निमरॉड त्याच वर्षी निवृत्त झाली होती. त्यानंतर समुद्रावर नजर ठेवायला मित्रदेशांच्या विमानांची मदत घ्यावी लागली, ती पहिले पोसायडन विमान फेब्रुवारी २०२० मध्ये येईपर्यंत.

असा प्रस्ताव समोर आला तर किंमत ठरवण्याआधी ताफ्यातले सर्वांत नवे आणि सर्वांत थकलेले अशी दोन विमाने पूर्ण उघडा, पंखांच्या जोडाची मापे घ्या आणि गंज, भेगा, जुन्या दुरुस्त्या यांची नोंद करा. दोन्हींच्या मापांत फरक सापडला तर प्रत्येक विमान हे स्वतंत्र काम आहे असे धरून किंमत मागवा.